डाळ शिजली, हे कशावरून?

विज्ञान प्रदर्शनाचं परिपत्रक आलं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न निघतो, "यंदा काय मांडायचं?" म्हणजे सुरुवातच मांडणीपासून. शोधायचं काय, हे सहसा कुणी विचारत नाही. मग कपाटावरून गेल्या वर्षीची पवनचक्की खाली येते, धूळ झटकली जाते, पात्यांना चंदेरी कागद लागतो. सिरिंजवर चालणारा जेसीबी आणि खायचा सोडा नि व्हिनेगरवर उतू जाणारा ज्वालामुखी हे वारकऱ्यांसारखे दर साली ठरल्या वेळी हजर असतातच. तालुक्याच्या बाजारात खोक्यात भरलेले तयार प्रकल्पही मिळतात. पालक शनिवारी खोकं आणतात, सोमवारी मूल आतल्या कागदावरची माहिती पाठ म्हणून दाखवतं.

जेसीबीवर माझा राग नाही. पास्कलचा नियम त्यात स्वच्छ दिसतो. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे घेऊन काय काय उभं केलं, ते पाहिलेला माणूस खेळण्याला कमी लेखणार नाही. पण खेळणं करणं आणि प्रकल्प करणं ही दोन वेगळी कामं आहेत. खेळणं चाललं पाहिजे, हे आधीच ठरलेलं असतं. प्रकल्पाचं उत्तर सुरुवातीला मलाही ठाऊक नसेल, तरच मुलांना त्यात काही करायला उरतं.

मी बालाघाटाच्या डोंगररांगेवरच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. पाऊस बेताचा, जमीन उथळ, खाली काळा पाषाण. निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं, एक लांब टेबल आणि जिचं चार्जिंग कधीच पुरं नसतं अशी एक बॅटरी. अशा ठिकाणी प्रकल्पाचा विषय निवडायचा तर हाताशी काय आहे हे आधी बघावं लागतं. आठवीच्या एका गटाबरोबर केलेल्या डाळीच्या प्रकल्पाबद्दल मी इथे लिहितोय, कारण प्रकल्प कसा आखावा आणि कसा सांगावा याबद्दल माझी जी काही मतं आहेत ती बहुतेक त्यातच पक्की झाली.

गटात दोन मुली आणि एक मुलगा. त्यांनी आणलेला विषय होता 'आपल्या गावातील जलप्रदूषण व त्यावरील उपाय'. असा विषय मुलं आणतात, कारण तो निबंधाच्या पुस्तकात असतो. मी त्यांना म्हटलं, गावातलं पाणी म्हणजे कुठलं पाणी? प्रदूषण म्हणजे त्यात काय आहे, काय नको? तुमच्याकडे मोजायला काय आहे? तिघंही गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विषय छाटायला मुलं सहजी तयार होत नाहीत. छोटा विषय म्हणजे कमी मार्क, असं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. खरं तर ते आमच्याच मनात असतं, मुलं ते आमच्याकडून घेतात.

वाट मोकळी केली पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी. शाळेच्या आवारात बोअर आहे, नळ उघडला की पाणी येतं. तरी मावशी डाळीपुरतं पाणी रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून आणायच्या. गटातल्या मुलाने त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आरं, बोरच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. पाणी वर तरंगतंय आन् डाळ खाली बसती." हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मुलांच्याही घरी तेच चालतं: प्यायला बोअरचं, डाळीला विहिरीचं, आणि विहीर आटली की पाच रुपयांना भरून मिळणारा फिल्टरचा जार.

मुलं म्हणाली, "सर, का शिजत नाही ते शोधूया." मी म्हणालो, आधी हे सांगा, खरंच शिजत नाही का? तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सूर्य पूर्वेला उगवतो का असं मी विचारलंय. पण शाळेच्या प्रकल्पाला अशाच गोष्टी सगळ्यांत चांगल्या, असं माझं मत आहे. सगळ्यांना माहीत आहे, कुणी मोजलेलं नाही, आणि मोजायला खर्च नाही.

आता अडचण आली ती वेगळ्याच जागी. शिजली म्हणजे काय? एकीची आजी म्हणाली, दोन बोटांत दाबली की कळतं. दुसरीची आई म्हणाली, रवीने घोटली की एकजीव झाली पाहिजे. मुलाचं म्हणणं, आमच्याकडे चार शिट्ट्या. शिट्ट्यांवर आम्ही बराच वाद घातला. शिट्टी किती लवकर होणार हे आच, कुकरमधलं पाणी, वॉशर आणि झाकणावरचं वजन यांवर ठरतं. एका घरच्या चार शिट्ट्या आणि दुसऱ्या घरच्या चार शिट्ट्या ही एकच गोष्ट नाही. शिवाय कुकरच्या आत काय चाललंय हे मध्येच उघडून पाहता येत नाही. कुकर बाद झाला. बोटाने दाबणं राहिलं, पण कुणाचं बोट?

कडधान्यं शिजली की नाही हे ठरवायची एक साधी रीत संशोधनातही वापरतात. दाणा काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवून दाबायचा आणि मध्ये न शिजलेला, अपारदर्शक गाभा दिसतो का ते पाहायचं. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या आमच्याकडे होत्या. दर पाच मिनिटांनी दाणे काढायचे, एक एक दाबायचा, पट्टी उजेडाकडे धरायची. तूरडाळीचा शिजलेला दाणा काचेखाली सारखा पसरतो, कडेपासून मध्यापर्यंत एकाच रंगाचा. न शिजलेल्या दाण्याच्या मधोमध फिकट, खडूसारखा ठिपका राहतो, आणि त्याच्याभोवती पिवळं कडं. पहिल्यांदा तो ठिपका दिसला तेव्हा मुलांनी पट्टी एकमेकांच्या हातातून ओढायला सुरुवात केली. तो क्षण मला महत्त्वाचा वाटतो. तोवर 'शिजली' हा घरातल्या बायकांचा अंदाज होता. आता तिघंही एकाच दाण्याकडे बघून 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकत होते, आणि तिघांचं उत्तर बहुतेक वेळा जुळत होतं. जुळलं नाही तर दाणा 'नाही'मध्ये धरायचा, असं त्यांनीच ठरवलं.

शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. बोअरच्या पाण्यातल्या डाळीची होत नाही. एक दाणा मेणासारखा मऊ आणि शेजारचा कच्चा, असं सर्रास दिसायचं. म्हणून एका वेळी दहा दाणे काढायचे आणि दहापैकी किती शिजले ते लिहायचं, असं ठरलं. आलेख काढायला हेच उपयोगी पडलं.

आचेचा प्रश्न एका मुलीने सोडवला. आधी दोघी मुली आपापल्या घरी डाळ शिजवून वेळ लिहून आणत होत्या. एकीकडे गॅस, दुसरीकडे चूल. आकड्यांचा मेळ बसेना. मग एक दिवस तिने सुचवलं, "सर, एकाच पातेल्यात सगळे पेले ठेवले तर?" मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं आणि त्यात वेगवेगळ्या पाण्याचे स्टीलचे पेले उभे करायचे. आच कमीजास्त झाली तरी सगळ्यांना सारखीच. स्नेहसंमेलनात बक्षीस वाटून उरलेले पेले कपाटात होते, सगळे एका मापाचे. डाळही एकाच पोत्यातली, वजन सारखं, पाणी सारखं, झाकणं सारखी. 'चल नियंत्रित करणे' हा धडा मी फळ्यावर कितीदा शिकवला असेल. पातेल्यात तो मला शिकवावा लागला नाही.

पातेल्यातल्या उकळत्या पाण्याचं तापमान घ्यायला सांगितलं, तेव्हा एक मजा झाली. वहीत लिहून आलं: १०० अंश सेल्सिअस. मी थर्मामीटर पाहिला तर पारा अठ्ठ्याण्णवच्या रेघेवर. मुलाला विचारलं, कुठे दिसले शंभर? तो म्हणाला, "सर, पाणी शंभरालाच उकळतं ना. थर्मामीटर जुना आहे." त्याने डोळ्यांनी पाहिलेलं खोडून पुस्तकातलं लिहिलं होतं, आणि तेही प्रामाणिकपणे, आपण चूक दुरुस्त करतोय अशा समजुतीने.

आमचं गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास आहे. वर जाऊ तसा हवेचा दाब कमी होतो आणि साधारण दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने खाली येतो. तेव्हा अठ्ठ्याण्णव हे उत्तर रास्त होतं. पण थर्मामीटर जुना आहे, ही शंकाही रास्तच होती. मग गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ आणला, तो अर्धवट वितळू दिला, त्यात थर्मामीटर बुडवला. शून्य दाखवलं. एका टोकाची तरी खात्री झाली.

त्या दिवसापासून वहीचा नियम बदलला. उजव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि मोजलेलं. डाव्या पानावर वाचलेलं, ऐकलेलं, वाटलेलं. उजव्या पानावर खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. या वहीबद्दल मी फार हट्टी आहे. प्रकल्प अहवाल छान टंकलिखित करून आणणारी शाळा पुष्कळ भेटते. वही मागितली की 'घरी राहिली' असं उत्तर येतं.

पाण्याकडे येतो. बोअरचं पाणी दुष्फेन आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त, हे साबणानेच कळतं. सारख्या बाटल्यांत सारखं पाणी, साबणाच्या द्रावणाचे मोजून थेंब, मोजून हलवायचं आणि फेसाची उंची पट्टीने घ्यायची. साबण मात्र साधा, कपड्यांची पावडर नको. डिटर्जंटला दुष्फेन पाण्यातही फेस येतो आणि सगळा खेळ बिघडतो. आकडे हवे होते म्हणून नमुने जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात नेले. तिथल्या रसायनशास्त्राच्या सरांनी मुलांकडूनच ईडीटीएचं अनुमापन करून घेतलं. जांभळट लाल द्रावण एका थेंबासरशी निळं होतं, ते पाहायला मुलांनी बोअरचा नमुना पुन्हा करायला मागितला. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. आमची विहीर पहिल्या आकड्याच्या जवळपास होती, बोअर दुसऱ्याच्या थोडी पलीकडे.

पेल्यांतून उत्तर स्वच्छ आलं. विहिरीच्या पाण्यातले दहाच्या दहा दाणे शिजून गळायला लागले, तरी बोअरच्या पेल्यातल्या निम्म्यांच्या मधला ठिपका काही जाईना. मावशी बरोबर होत्या. मुलांच्या लेखी प्रकल्प संपला. फक्त 'निष्कर्ष: दुष्फेन पाण्यामुळे डाळ शिजत नाही' एवढं लिहायचं बाकी होतं.

मी विचारलं, दुष्फेनपणामुळेच, हे कशावरून? बोअरच्या पाण्यात इतरही खूप काही असेल. माझं हे 'कशावरून' मुलांना इतकं पाठ आहे की मी वर्गात शिरताना मागच्या बाकांवरून हळूच ऐकू येतं. पण यातूनच प्रकल्पातला खरा प्रयोग निघाला. बोअरचं पाणी तपासत बसण्याऐवजी पाणी आपणच तयार करायचं. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, त्यात फक्त कॅल्शियम क्लोराईड घालायचं, बोअरइतकी कठीणता येईल एवढं. हिशेब केला तर लिटरला ग्रॅमचा दोन तृतीयांश भाग. आमच्या शाळेच्या काट्याला एवढंसं वजन कळत नाही.

तेव्हा आम्ही सोनाराकडे गेलो. त्याने कौतुकाने काटा पुसून दिला, कागद ठेवला, आकडा शून्यावर आणला. मुलीने चमच्याने पांढरे खडे ठेवले. आकडा स्थिरावला, आणि मग आपोआप पुढे सरकला. पुन्हा थोडा सरकला. सोनार खाली वाकून बघायला लागला, कारण त्याच्या दुकानात ठेवलेल्या मालाचं वजन वाढत नाही. निर्जल कॅल्शियम क्लोराईड हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि तो भाद्रपद होता. मुलांना मी तिथे काही सांगितलं नाही. रस्त्याने परतताना मुलगाच म्हणाला, "सर, थोडं थोडं मोजण्यापेक्षा एकदाच जास्त मोजू. दहापट दाट पाणी करून ठेवू, मग पातळ करू." जास्त वजन घेतलं की तेवढी वाढ नगण्य होते. रसायनशास्त्रात सगळे हेच करतात. त्याला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्याच सुमारास गावात एक पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारा येऊन गेला होता. घरोघरी टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवायचा आणि लोकांना घाबरवायचा. मुलांनी तसला मीटर मिळवला आणि बोअरचं पाणी मोजलं. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये तोच आकडा येईपर्यंत मीठ घातलं. लिटरला साधारण ग्रॅमभर लागलं. म्हणजे तीन पेले झाले: बोअरचं पाणी, कॅल्शियमचं पाणी आणि मिठाचं पाणी. मीटरच्या लेखी पहिलं आणि तिसरं सारखंच. डाळीच्या लेखी नाही. कॅल्शियमच्या पाण्यात ठिपका राहिला, मिठाच्या पाण्यात डाळ विहिरीच्या पाण्याइतकीच मऊ झाली. मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, ते क्षार कुठले हे त्याला कळत नाही. एवढं एक वाक्य मुलं नंतर इतक्या ठसक्यात सांगायची की मला तो विक्रेता समोर हवा होता.

डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने सुटतं आणि डाळ मऊ होते. कॅल्शियम त्या पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतं. हे कारण मी सांगितलं, मुलांनी लिहून घेतलं. डाव्या पानावर.

मग चिंच घालून पाहिली, सोडा घालून पाहिला. आंबटात डाळ टणक राहते, म्हणून आमसूल-चिंच शेवटी घालतात, ही घराघरातली रीत पेल्यातही खरी निघाली. चिमूटभर खायच्या सोड्याने बोअरच्या पाण्यातली डाळही भराभर विरघळली. फक्त रंग उतरला आणि चव साबणासारखी लागली. सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, हेही डाव्या पानावर गेलं. बोअरचं पाणी आधी उकळून, निवळून घेतलं तर थोडा फरक पडला, पुरता नाही. कठीणतेचा काही भागच उकळून जातो.

वेळापत्रकाबद्दल थोडं. प्रकल्पाच्या नियोजनावर प्रशिक्षणात जे तक्ते दाखवतात त्यांत महिने आणि चौकोन असतात. आमच्या तक्त्यात पोळा, गणपती, सहामाही, कापूस वेचणी आणि ऊसतोड असते. त्या मुलाचं कुटुंब दिवाळी झाली की कारखान्याच्या पट्ट्यात जाणार, हे जूनमध्येच सगळ्यांना माहीत होतं. प्रदर्शन त्यानंतर. म्हणून प्रयोग सगळे दिवाळीआधी संपवायचे आणि मांडणी पोस्टर वगैरे नंतर, असं पहिल्या आठवड्यातच ठरवलं. अर्जावर दोनच नावं बसत होती, ती मुलींची गेली. अहवालावर तिघांची. यापेक्षा जास्त मला करता आलं नाही आणि व्यवस्थेत त्याला जागाही नव्हती.

मांडणीबद्दल माझा एक नियम आहे. भाषण लिहायचं नाही. 'आदरणीय परीक्षक महोदय, माझ्या उपकरणाचे नाव…' असं सुरू झालं की मूल कानाने स्वतःचं पाठांतर ऐकत राहतं, समोरच्याचा प्रश्न त्याला ऐकूच येत नाही. त्याऐवजी मी मुलांना वेगवेगळ्या लोकांसमोर उभं करतो. पाचवीचा वर्ग, मग शिपाईमामा, मग मुख्याध्यापक. यावेळी महिला बचत गटाची बैठकही घेतली. सगळ्यांत कडक परीक्षा तिथे झाली.

समाजमंदिरात तीसेक बायका बसल्या होत्या. मुलींनी पेले दाखवले, आलेख दाखवला. पहिला प्रश्न आला, "ते समदं झालं. आमी काय करायचं ते सांगा." मुलींनी सांगितलं: पावसाचं पाणी साठवलं तर ते डाळीला ठेवा, जार परवडत असेल तर फक्त डाळीपुरता वापरा, सोडा अगदी अडलंच तर. मग त्या म्हणाल्या, मीठ आधी घातलं तरी डाळ शिजते. तिथे एक आजी उसळल्या. "तुमच्या पेल्यात शिजत आसंल. माझ्या पातेल्यात न्हाई शिजत." बायका हसल्या. मुली गोंधळल्या, पण परत येताना एकीच्या लक्षात आलं की त्यांनी लिटरला ग्रॅमभर मीठ घातलं होतं, आजी पातेल्याला मूठभर घालतात. आजींची हरकत खरंच बिनतोड होती. दुसऱ्या दिवशी वरणात घालतात तेवढं मीठ घालून पुन्हा पेले लावले. मिठाने डाळ अडली नाही. ते आजींना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मीठ त्या अजूनही शेवटीच घालत असणार.

तालुक्याच्या प्रदर्शनात आमचं टेबल दिव्यांच्या माळा लावलेल्या 'स्मार्ट सिटी'च्या शेजारी आलं. एक परीक्षक आले, टेबलावर नजर टाकली, "मॉडेल कुठंय?" मुलींनी साबणाच्या बाटल्या हलवून दाखवल्या. एकीत फेस बुचापर्यंत, दुसरीत पांढरा साका. हॉलमध्ये शेगडी पेटवायला बंदी होती, म्हणून शिजवणं दाखवता येत नव्हतं, ते आम्ही आधीच धरून चाललो होतो. बाटल्या हलवायला मात्र बाकीच्या शाळांची मुलं रांग लावून आली. परीक्षकांनी विचारलं, "यात नवीन काय?" थोरली म्हणाली, "नवीन नाही सर. गावाला माहीत होतं. खरं आहे का ते बघितलं." ते पुढे गेले.

दुसऱ्या परीक्षक बाई बसल्याच. त्यांनी वही मागितली आणि पानं उलटत राहिल्या. "पाणी अठ्ठ्याण्णवला उकळलं? पुस्तकात काय आहे?" मुलीने उंचीचं सांगितलं. "थर्मामीटर बरोबर आहे कशावरून?" माझ्या पोटात गोळा आला, कारण प्रश्न माझाच होता आणि मी चार पावलांवर गप्प उभा. "बर्फात शून्य दाखवतो." "वरच्या टोकाला?" मुलगी क्षणभर थांबली. "ते तपासलेलं नाही. सगळे पेले एकाच पातेल्यात होते, म्हणून तुलनेला फरक पडत नाही. पण अठ्ठ्याण्णव की सत्त्याण्णव ते नक्की नाही सांगता येणार." बाईंनी पुढे विचारलं, पेक्टिन तुम्ही पाहिलंत का? "नाही, ते डाव्या पानावर आहे." बाईंना अर्थ कळला नाही, मग दुसरीने वहीची रीत समजावली. दुसऱ्या कुठल्या डाळीचं काय होईल? "आम्ही एकाच पोत्यातली तूरडाळ घेतली. बाकीचं माहीत नाही." "हे वेगळं अक्षर कुणाचं?" "तो आमच्या गटातला. आता कारखान्यावर आहे. मिठाचे सगळे प्रयोग त्याचे."

माझ्या वर्गात कितीतरी हुशार मुलं आहेत ज्यांना 'माहीत नाही' म्हणायला जीव जातो. त्यांना लहानपणापासून रिकामी जागा भरायला शिकवलेलं असतं. पाहिलेलं कुठे संपतं आणि वाचलेलं कुठे सुरू होतं, हे न अडखळता सांगणारं आठवीतलं मूल मला कुठल्याही फिरत्या पवनचक्कीपेक्षा मोठं वाटतं. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत त्याचा रकाना नसतो.

तालुक्याला दुसरा क्रमांक आला, जिल्ह्याला काही नाही. जिल्ह्यात पहिला आला तो प्रकल्प मी पाहिला होता, चांगला होता. काही सहकारी म्हणाले, तुम्ही हे बालविज्ञान परिषदेला द्यायला हवं होतं. त्यांचं बरोबर आहे. प्रदर्शनाला हलणारं, दिसणारं काही लागतं. १९९३ पासून चालणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १० ते १७ वयाच्या मुलांकडून स्थानिक प्रश्नाचा अभ्यासच मागते, तिथे वहीला किंमत असते. आणि इन्स्पायर-मानक योजनेत कल्पना निवडली गेली तर दहा हजार रुपये मिळतात, पण तिथे नवी वस्तू किंवा नवी युक्ती हवी. आमच्या प्रकल्पात वस्तू नव्हतीच. कुठला प्रकल्प कुठे पाठवायचा हे आधी बघावं हे खरं, पण स्पर्धा बघून प्रश्न निवडायला लागलो की पुन्हा पवनचक्कीवरच येतो.

चैत्रात तो मुलगा परतला. आल्या आल्या त्याने विचारलं ते क्रमांकाचं नव्हे. कारखान्याच्या तळावर टँकरचं पाणी होतं, त्यात डाळ बरी शिजायची. त्याने साबण हलवून पाहिला होता, फेस भरपूर आला होता. बाटलीत थोडं पाणी आणलंय, अनुमापन करता येईल का, एवढंच त्याला हवं होतं. महाविद्यालयाला सुट्टी लागली होती, म्हणून ती बाटली जूनपर्यंत कपाटात राहिली.

या वर्षी सातवीचा एक गट आला आहे. त्यांना कुठल्या कुंभाराच्या माठातलं पाणी जास्त गार होतं ते शोधायचंय. गार म्हणजे किती, कधी मोजलेलं, माठ उन्हात की सावलीत, यावर त्यांचं भांडण सुरू आहे. दुसरा गट म्हणतो, दही लावायला कुठली जागा चांगली ते बघू. दोन्ही गटांना थर्मामीटर हवा आहे आणि शाळेत तो एकच आहे. तालुक्याच्या दुकानात आणखी एक मागवला आहे. आला की आधी बर्फात आणि मग उकळत्या पाण्यात दोन्ही शेजारी शेजारी धरून बघणार आहोत.